जोडीदाराच्या दारचा शिधा

कुंदन व्यासपीठावरून बोलत होता आणि मी सगळ्यात मागे, चपलांच्या ढिगाजवळच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. सायंस्मरण मंडळाचा हॉल भरला होता. पेरू देशात दोन वर्षं प्रचारक म्हणून राहून आलेला मुलगा म्हणून नाशिकभर त्याची व्याख्यानं चालू होती. हे मी ऐकलेलं चौथं. कशासाठी जात होतो, ते मला घरी सांगता येत नव्हतं. वाचनालयात जातो म्हणून सांगायचो.

"अरेकिपा शहरात दोन्या मार्सेलिना नावाची एक म्हातारी होती," कुंदन सांगत होता. "दोन्या म्हणजे बाई. हातगाडीवर जवाचा गरम काढा विकायची. रोज संध्याकाळी आमच्याकडे स्मरणाला येऊन बसायची. एक दिवस आली नाही. मला चैन पडेना. घरी जाऊन बघतो, तर माउली जिन्याखाली पडलेली. पायाचं हाड मोडलेलं. घरात कोणी नाही. मी तिला पाठीवर घेतलं, तो सगळा उतार उतरून मोठ्या रस्त्याला आणलं, टॅक्सी थांबवली..."

बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय संस्कार आहेत बघा, गुरुजी!"

मी मान हलवली. त्याच्या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा होता. फक्त ते करणारा कुंदन नव्हता. तो माझा नातू हर्षल होता, आणि याच गोष्टीसाठी मंडळाने त्याला आठ महिन्यांत परत पाठवलं होतं.

हर्षलचे आईवडील सायखेड्याला शेती बघतात. शिक्षणासाठी तो आमच्याकडे, सातपूरला राहिला. डिप्लोमा करता करता मंडळाच्या स्मरणाला जाऊ लागला. संध्याकाळी दिवेलागणीला अर्धा तास गप्प बसायचं आणि दिवसभरात आपल्याशी जो चांगला वागला त्याची आठवण काढायची, एवढीच मंडळाची साधना. मंडळ तरुणांना दोन-दोन वर्षांसाठी परदेशी पाठवतं. हर्षलचं नाव पेरूसाठी निघालं तेव्हा तो एक स्पॅनिश शिकायचं पुस्तक घेऊन आला. संध्याकाळी तो मोठ्याने वाचायचा आणि मी तपासायचो. कुसाबाई, माझी बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची, "आता ह्या वयात तुम्हाला कुठं जायचंय? गप पेपर वाचा." पण मी शिकलो. त्याला तिकडे चार माणसं काय म्हणतील ते मला इथे कळावं, एवढंच.

प्रचारक नेहमी जोडीने असतात. एका खोलीत राहायचं, एका चुलीवर शिजवायचं, एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही. हर्षलची जोडी कुंदनशी लागली. कुंदन ज्येष्ठ होता, म्हणजे हर्षलच्या दोन महिने आधी तिथे पोचून जोडीदाराची वाट बघत थांबला होता. घरी फोन आठवड्यातून एकदाच. त्यांचा रविवार रात्रीचा, आमचा सोमवार सकाळचा. मी चहा गाळून फोनसमोर बसायचो आणि कुसाबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघायची.

"खातो काय रं?"

"आजी, इथे बटाटे इतक्या जातींचे आहेत की तुझा विश्वास नाही बसणार. जांभळेसुद्धा आहेत."

"जांभळा बटाटा? सडका आसंल. टाकून दे."

मग तो हसायचा आणि सांगत जायचा. गच्चीवरची खोली. खिडकीतून दिसणारा, माथ्यावर बर्फ असलेला डोंगर. पहाटे इतक्या गार पाण्याची आंघोळ, की डोक्यावर पहिला तांब्या ओतताना स्मरण आपोआप व्हायचं. पांढरे कुर्ते रोज धुवायचे, कारण वस्तीच्या रस्त्यांवरची धूळ बारीक राखेसारखी होती. जागा उंचावर, त्यामुळे डाळ शिजता शिजायची नाही. ज्वारी मिळत नव्हती. हर्षलने मक्याच्या पिठाच्या भाकरी थापून बघितल्या, आधी तुटल्या, मग जमल्या. सकाळी नऊपासून दारं ठोठावायची. घरांच्या गच्च्यांवर कुत्री बांधलेली, ती वरून भुंकायची. खाली एखादी बाई दार किलकिलं करून म्हणायची, "मान्याना, होवेन." उद्या ये, पोरा. दुसऱ्या दिवशी गेलं की पुन्हा तेच.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं होतं.

"आधी वाटायचं, आबा. आता मी खरंच दुसऱ्या दिवशी जातो. एका बाईकडे नऊ वेळा गेलो. शेवटी तिने हसून सूप आणलं. त्यात कोंबडी होती. मग आम्ही ते खात नाही, हे तिला समजावण्यात तास गेला."

आणि दोन्या मार्सेलिना. सकाळी त्यांच्या कोपऱ्यावर तिची गाडी असायची. ती हर्षलला काढा द्यायची आणि पैशाला हात लावायची नाही. संध्याकाळी स्मरणाला यायची, कारण तिचे गुडघे दुखायचे आणि जिथे कोणी काही विकत नाही अशी ती एकच जागा होती, असं तिचं म्हणणं.

कुंदन फोनवर फारसा दिसायचा नाही. हर्षल म्हणायचा, "तो खाली गेलाय." नंतर नंतर तो हेसुद्धा सांगेनासा झाला. मी विचारलं तर विषय बदलायचा. जोडीदाराची चहाडी करायची नाही, हाही मंडळाचा नियम.

मार्सेलिना पडली त्या संध्याकाळीही कुंदन खाली गेला होता. हर्षलने वाट बघितली, मग एकटा निघाला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मंडळाला कळवलं, की तुमचा एक प्रचारक रात्री एका बाईबरोबर टॅक्सीत दिसला. कुंदनला विचारणा झाली. कुंदन म्हणाला, मी खोलीवर त्याची वाट बघत बसलो होतो, हा मला टाकून गेला. ज्येष्ठाचा शब्द मानायची पद्धत आहे. हर्षलला तिकीट पाठवलं.

त्याला घ्यायला विमानतळावर मंडळातून कोणी आलं नाही. मी आणि त्याचा बाप गेलो होतो. प्रचारकाच्या खांद्यावर असतं ते पांढरं उपरणं त्याच्याकडून पेरूतच काढून घेतलेलं होतं. गाडीत इगतपुरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आबा, ती पाय मोडून पडली होती." बाकीचं मला त्याच्याकडून पुढे तुकड्यातुकड्याने कळलं.

आमच्या कॉलनीत बातमी त्याच्या आधी पोचली होती. बाईच्या भानगडीत परत पाठवला. ती बाई सत्तरीची होती हे बातमीबरोबर पोचलं नाही. सायखेड्याकडे एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, पोरीला पुढं शिकायचंय. हर्षल एका कारखान्यात दुसऱ्या पाळीवर लागला. दुपारी जायचा, आम्ही झोपल्यावर यायचा. ताट आपल्या खोलीत नेऊन जेवायचा. बाहेरच्या खोलीत आमच्याबरोबर बसून तो वर्षभरात जेवला नव्हता.

मी भांडखोर माणूस नाही. शाळेत सारी नोकरी गेली, पण वर्गाबाहेर माझा आवाज चढला नाही. दुकानदाराने खराब माल दिला तरी मी परत करायला जात नाही. पण त्या वर्षात मी मनातल्या मनात कुंदनला किती तऱ्हांनी खाली पाडलं ते सांगितलं तर लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. पुस्तक उघडून बसायचो आणि पान उलटायचं राहून जायचं. त्याला गच्चीवरून पडलेला बघायचो. त्याची जीभ अडखळलेली बघायचो. मग आपल्या हातून काही व्हायचं नाही हे आठवायचं आणि चष्मा पुसत बसायचो.

आणि मग मंडळानेच कुंदनला माझ्या दारात आणलं.

मंडळाची एक पद्धत आहे. प्रचारक परत आला आणि त्याला पुढे आचार्याचं व्रत घ्यायचं असेल, तर त्याला आधी आपल्या पहिल्या जोडीदाराच्या दारी जाऊन शिधा मागावा लागतो. एका चुलीवर जेवलेल्यालाच माणूस खरा कळतो, असं मंडळ स्थापन करणाऱ्या महाराजांचं म्हणणं होतं. घरातली वडील बाई सुपात तांदूळ घेऊन उभी राहते आणि विचारते, "तुझ्या जोडीदाराने काय केलं?" मागणाऱ्याने स्वतःचं काही सांगायचं नाही. जोडीदाराचं एक चांगलं कृत्य सांगायचं. झोळी हातात असताना खोटं बोलायचं नाही. मग बाई तांदूळ ओतते. शिधा मिळाला नाही तर बारा वर्षं थांबून पुन्हा त्याच दारी यायचं. मी असे दोन-तीन सोहळे बघितले होते. मुलं सांगायची, त्याने मला तापात पेज करून दिली, त्याने माझे कपडे वाळत घातले. बायका रडायच्या आणि ओतायच्या. कोणी नाही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

सोहळ्याच्या आदल्या आठवड्यात मंडळाचे कार्यवाह मोतीराम आमच्याकडे आले. बरोबर पेढे होते.

"गुरुजी, झालं गेलं विसरायचं. शिधा म्हणजे काय, उपचार असतो."

"उपचार असेल तर दुसऱ्या कुणाच्या दारी न्या," कुसाबाई म्हणाली.

"वहिनी, नियम आहे. पहिलाच जोडीदार." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मी काय म्हणतो, शिधा वाढलात तर हर्षलचंही बघू. पुन्हा पाठवू कुठेतरी. उपरणं परत देऊ."

"उपरणं काढून घेताना तुम्ही पेढे नव्हते आणले," ती म्हणाली.

मोतीराम माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे सगळे असेच बघतात, हा नाही म्हणणार नाही अशा खात्रीने. मी म्हणालो, "या तुम्ही. आम्ही दारात असू." ते खूश होऊन गेले.

दार लावल्या लावल्या कुसाबाई माझ्यावर धावली. "दारात असू? मी त्याच्या झोळीत राख घालीन, राख! चुलीतली नाय मिळाली तर शेजारून आणीन."

"राख घातली तर तो साधू होईल," मी म्हणालो. "लोक म्हणतील, बिचारा. त्याच्या व्याख्यानात अजून एक गोष्ट वाढेल."

"मंग?"

"तू फक्त प्रश्न विचार. आणि तो खरं सांगेपर्यंत सूप वाकडं करू नको."

"आन् खरं सांगितलं तर?"

"बघू," मी म्हणालो.

हर्षलला मी काही विचारलं नाही. त्याने ऐकलं असावं. शनिवारी डबा भरताना तो पाठमोरा म्हणाला, "आबा, त्या दिवशी मी आत असेन. मला बाहेर बोलावू नका."

"नाही बोलावणार."

रविवारी सकाळी ते वाजत गाजत आले. टाळ, ढोलकी, पांढऱ्या कपड्यांतली शंभरेक माणसं. कॉलनीतले लोक गॅलऱ्यांत उभे राहिले. ज्यांनी वर्षभर आमच्याकडे तिरकं बघितलं होतं, ते सगळे. कुणी कुणी मोबाइल वर धरले होते. कुंदन पुढे होता. गोरा, तुळतुळीत, हातात भगवी झोळी. तो अनवाणी आमच्या पायरीशी थांबला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"जोडीदाराच्या दारी आलो आहे, आई. शिधा वाढा."

कुसाबाई उंबऱ्यात उभी होती. हातात सूप, सुपात इंद्रायणी. मी तिच्या मागे. माझ्या मागे, आतल्या खोलीच्या पडद्याआड, हर्षल.

"तुझ्या जोडीदाराने काय केलं?" तिने विचारलं. आवाज मोठा होता.

"हर्षलने मला मक्याच्या पिठाची भाकरी करून घातली," कुंदन म्हणाला. पाठ केल्यासारखं. "तिकडे भाकरी मिळत नाही. त्याच्या हातची भाकरी खाऊन मला माझी आई आठवायची."

गर्दीतून "वा, वा" झालं. ढोलकीवाल्याने थाप द्यायला हात उचलला.

"भाकरी मी शिकवली त्याला," कुसाबाई म्हणाली. "ती माझी झाली. त्यानं काय केलं ते सांग."

लोक हसले. कुंदनसुद्धा हसला. "आई, त्याने माझे कपडे..."

"कपडे नको. दुसरं."

मोतीराम पुढे झाले. "वहिनी, एक सांगितलं की पुरे असतं."

"मला नाय पुरत."

सूप सरळच होतं. ढोलकी थांबली होती. मला वाटलं, आता आपण बोललो नाही तर ही बाई एकटीच उभी राहील. मी पुढे येऊन तिच्या बाजूला उभा राहिलो.

"दोन्या मार्सेलिनाला दवाखान्यात कोणी नेलं?" मी विचारलं.

ते नाव तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. चार-पाच बायका एकदम म्हणाल्या, "यांनीच की!" आणि कुंदनकडे कौतुकाने बघायला लागल्या.

कुंदनने डोळे उघडले. त्याने झोळीकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आतल्या पडद्याकडे. पडद्याखाली हर्षलचे पाय दिसत होते. मी काही ठरवून केलं नव्हतं ते. तो तिथे उभा राहिला होता, एवढंच.

"झोळी हातात आहे, कुंदन," मी म्हणालो.

तो हिशोब करत होता, हे मला दिसत होतं. एकीकडे बारा वर्षं. दुसरीकडे एक गोष्ट, जी आज खरी सांगितली तरी लोक उद्या विसरतील, रडून सांगितली तर टाळ्याही वाजवतील.

"हर्षलने," तो म्हणाला.

"मागे ऐकू गेलं नाही."

"हर्षलने नेलं!"

गर्दी हलली. कुणीतरी विचारलं, "म्हणजे काय?" पुढचं ज्याने त्याने मागच्याला सांगायला सुरुवात केली.

"तू कुठे होतास?"

"मी..." त्याचे कान लाल झाले होते. "खाली एकाकडे टीव्हीवर मॅच बघत होतो. फुटबॉलची."

"आणि त्याची वाट बघत खोलीवर बसलो होतो, असं मंडळाला कोणी कळवलं?"

"मीच." मग तो खरंच रडला. रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. "चुकलं माझं, गुरुजी. आई, चुकलं. आता वाढा."

त्याने झोळी उघडून वर धरली. गॅलरीतून एक बाई म्हणाली, "अगं बाई, आणि आपण त्या पोराला..." मोतीरामांनी कपाळाचा घाम पुसला, पण चेहरा सुटल्यासारखा झाला होता. गोड शेवट जवळ आला होता. ढोलकीवाल्याचा हात पुन्हा वर गेला. मी बघितलं तर कुसाबाईचे डोळे भरले होते. राख घालणारी बाई ती. तिने सुसकारा सोडला आणि सूप तिरकं केलं.

मी सुपाची कड धरली.

"आवं," ती हळूच म्हणाली. "खरं बोललं ना त्ये."

"बोलला."

"मंग?"

मी कुंदनकडे बघितलं. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. वर्षभर मनात त्याला जे जे केलं होतं त्यातलं काही करायची गरज उरली नव्हती. दोन शब्द पुरत होते, आणि ते शब्द मी आयुष्यात कुठल्या भिकाऱ्यालाही म्हटले नव्हते.

"पुढे जा," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. तो झोळी धरून तसाच उभा.

"गुरुजी!" मोतीराम ओरडले. "खरं सांगितलं त्याने! सगळ्यांसमोर सांगितलं!"

"खरं सांगितलं की शिधा मिळतो, असं कुठल्या नियमात आहे?" माझा आवाज चढला होता. मला तो ओळखू येत नव्हता, पण थांबवावासाही वाटत नव्हता. "तो सांगू शकत होता हे आज कळलं. म्हणजे वर्षभरापूर्वीही सांगू शकत होता. तिकिटाच्या आधी. पुढे जा, कुंदन. दुसरीकडे मागायची सोय नाही, मला माहीत आहे. तरी पुढे जा."

"तुम्ही सूड घेताय," मोतीराम म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

मी दार लावलं. बाहेर बराच वेळ कुजबूज चालली. मग टाळ न वाजवता माणसं गेली. रस्त्यावर अनवाणी पावलांचा आणि चपलांचा आवाज वेगवेगळा ऐकू येत होता, तो मी कान देऊन ऐकला. वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटेल म्हणून मी बराच वेळ वाट बघितली.

कुसाबाई सूप हातात घेऊन मधल्या खोलीत उभी होती. "आता ह्याचं काय करायचं? शिध्याला काढलेला तांदूळ परत डब्यात घालत नसत्यात."

पडदा सरकला. हर्षलने तिच्या हातातून सूप घेतलं, कडेला पडलेले चार दाणे वेचून त्यात टाकले आणि स्वयंपाकघरात गेला. आतून पाण्याचा आवाज आला. तांदूळ धुतोय, हे आवाजावरून कळत होतं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा कुसाबाई स्वतःशीच म्हणाली, "हितं बरं शिजतं लवकर."

भात मऊ झाला होता. त्याने बाहेरच्या खोलीत तीन ताटं मांडली आणि मधलं स्वतःपुढे ओढलं. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलो. वरणाची वाटी त्याने सगळीच भातावर पालथी केली. लहानपणी करायचा तसं.

"आबा," दुसऱ्यांदा भात घेताना तो म्हणाला, "बारा वर्षांनी तो परत येईल."

"येऊ दे."

"तेव्हा दारात कोण असेल?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या ओठाला शीत लागलं होतं.

"तू," मी म्हणालो. "काय घालायचं ते तू ठरव."

तो विचार करत जेवत राहिला. कुसाबाईने त्याच्या ताटात लोणच्याची फोड टाकली.

"राख ठिवून दिऊ का जरा?" तिने विचारलं.

हर्षल हसला. वर्षभरात पहिल्यांदा आणि मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतका. मग त्याने पुन्हा भात मागितला.